कॅलेंडर आधी काढा, व्हीपीएन नंतर पाहू

मागच्या पावसाळ्यात एक बाई माझ्या सेंटरवर आल्या. यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझा गाळा आहे. फॉर्म भरणं, झेरॉक्स, कॉम्प्युटरचे क्लास, सगळं त्यातच. गर्दी ओसरेपर्यंत त्या बाकावर बसून होत्या. पीक विम्याचा शेवटचा माणूस गेला तशा जवळ आल्या.

"ताई, मोबाइलात व्हीपीएन टाकून देता का? चांगलं कोणतं राहते?"

व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवर आपली खरी जागा लपवणारं ॲप. सातबारा आणि उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत ते मागणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं. कशासाठी, असं विचारल्यावर त्यांनी आधी मागे वळून दाराकडे पाहिलं, मग सांगितलं. रात्री एका परदेशी कॅम साइटवर बसतात. लाइव्ह. प्रौढांसाठीचं काम. नवरा पुण्याकडे कंपनीत आहे, त्याला माहीत आहे. सासूला नाही. गावाला तर नाहीच.

(त्यांचं वय, नाती, तालुका यातलं बरंच मी बदलून लिहिलंय. हा लेख लिहू का, हेही त्यांनाच विचारलं होतं.)

हे काम करावं की नाही, यावर मी बोलणार नाही. त्यांनी मला ते विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, व्हीपीएनचं नंतर पाहू, आधी ज्या खोलीत बसता ती दाखवा. त्यांच्याकडे रिकाम्या खोलीचा, लाइट तपासायला काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ होता. गुलाबी भिंत, प्लास्टिकची फुलं, सगळं नीटनेटकं. आणि उजव्या कोपऱ्यात कॅलेंडर. कृषी सेवा केंद्राचं. वर लाल अक्षरात दुकानाचं नाव, खाली प्रोप्रायटरचं आडनाव, गाव, तालुका आणि दोन मोबाइल नंबर. मी व्हिडिओ थांबवून दोन बोटांनी मोठा केला. दुसरा नंबर धूसर होता. पहिला सरळ वाचता येत होता.

"महिनाभर अशीच बसून रायली मी," त्या म्हणाल्या. "एकानंही म्हटलं नाही."

ज्यानं वाचलं असेल, तो सांगेल कशाला?

एकेक तुकडा

आपली ओळख फुटते ती बहुतेक वेळा एका दणक्यात नाही. कुणी हॅकर येतो, कुलूप तोडतो आणि नाव घेऊन जातो, असं चित्र सिनेमातलं. खरा प्रकार चाळणीसारखा असतो. बोलता बोलता कळलं की ही बाई विदर्भातली आहे. २०११च्या जनगणनेत विदर्भाच्या ११ जिल्ह्यांत सुमारे २ कोटी ३० लाख माणसं होती, म्हणजे एवढ्यावरून काहीच कळत नाही. मग कळलं, यवतमाळ जिल्हा. उरली २७ लाखांच्या आसपास. जिल्ह्यात १६ तालुके आहेत, त्यातला तालुका कळला की आकडा एकदोन लाखांवर येतो. त्यातलं एक दोन हजार वस्तीचं गाव. त्यात पंचविशी-तिशीच्या बाया किती, शे-दीडशे. त्यातल्या शिकलेल्या, रात्री एकट्या खोलीत बसू शकणाऱ्या, घरी चांगलं इंटरनेट असलेल्या किती? बोटांवर मोजा. आणि डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग असलेली एकच.

यातला एकही तुकडा स्वतःहून गुपित नाही. डाग सगळ्या गावानं पाहिलाय. पण ते तुकडे एका जागी आले की नाव तयार होतं.

शहरात आणि खेड्यात इथे मोठा फरक आहे. मुंबईतल्या बाईला भीती असते ती अनोळखी माणसाची. तो तिला शोधायला निघालेला असतो, त्याला खणावं लागतं. आपल्याकडे भीती ओळखीच्या माणसाची. त्याला काही शोधावं लागत नाही. वर्ध्याला होस्टेलवर राहणारा भावकीतला पोरगा रात्री मोबाइल चाळतो, अंगठा थांबतो, आणि त्याला आवाजावरूनच कळतं. म्हणून इंग्रजीतले सल्ले वाचून व्हीपीएनपासून सुरुवात करणं म्हणजे मागचं दार उघडं ठेवून फाटकाला दोन कुलपं लावणं.

भिंत, खिडकी, भोंगा

खोलीचा नियम सोपा आहे. कॅमेऱ्याला जे दिसतं त्यात कागद नको, अक्षर नको, आकडा नको. कॅलेंडर गेलं. महावितरणचं बिल, रेशनकार्डाची पिशवी, लग्नपत्रिका, औषधाच्या पाकिटावरचं मेडिकलचं नाव, शाळेच्या बक्षिसाची ट्रॉफी, दारामागे टांगलेली पोराची युनिफॉर्मची पिशवी, हे सगळं गेलं. आरसा असेल तर तो कॅमेऱ्याच्या मागचं दाखवतो, हे विसरायला होतं. खिडकी बंद आणि जाड पडदा. बाहेर रचलेल्या पऱ्हाट्या, शेजारच्या घराचा निळा रंग, पाण्याच्या टाकीवर लिहिलेलं ग्रामपंचायतीचं नाव, ओळखणाऱ्याला एवढं पुरतं. साधी चादर मागे ताणली तरी चालते, मात्र ती चादर घरी पाहुण्यांना अंथरून दिलेली नको.

खोलीत बसल्या बसल्या हे तपासता येत नाही. आपल्या खोलीची आपल्याला इतकी सवय असते की डोळा तिथून घसरून जातो. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण प्रकाशात, आवाज वाढवून पाहा.

आवाज वाढवून, हे महत्त्वाचं. त्या बाईंच्या दुसऱ्या व्हिडिओत भिंत एकदम स्वच्छ होती. पण सातव्या मिनिटाला देवळावरच्या भोंग्यातून लांबून आवाज आला, "समस्त गावकरी मंडळींना कळविण्यात येते की…" आणि पुढे गावाचं नाव, उद्या नळ कोणत्या वाॅर्डात येणार तेही. आम्ही दोघीही हसलो. मग त्या हसायच्या थांबल्या.

भजनाचा काकडा, आठवडी बाजारासाठी फिरणारी जाहिरातीची गाडी, मुलांनी दारातून मारलेली हाक. हाकेत तर थेट नावच असतं. माइक बंद ठेवून नुसतं टाइप करून काम भागत असेल तर तोच सगळ्यात स्वस्त उपाय. बोलायचंच असेल तर गाव झोपल्यावरची वेळ धरा. परदेशी प्रेक्षकांच्या वेळा बहुतेक रात्रीच्याच असतात, तेवढं एक बरं.

आता गप्पा. प्रेक्षक वाईट हेतूनं विचारतो असं नाही, पण विचारतो: आज पाऊस आहे का? सुट्टी कसली? लाइट का गेली? "आमच्याकडे आज तान्हा पोळा" असं कुणी बोललं की महाराष्ट्रातल्या माणसाला लगेच कळतं, बोलणारी विदर्भातली आहे. "हो"च्या जागी "हाव" निघालं, "का"च्या जागी "काऊन" निघालं, तरी तेच. गारपीट, वीज जाण्याची वेळ, शाळेची सुट्टी, यांच्या तारखा बातम्यांत असतात. कुणी चार महिने टिपत बसला तर तालुक्यापर्यंत येऊ शकतो. म्हणून एक खोटं गाव ठरवून ठेवावं लागतं, आणि ते आपल्याला नीट माहीत असलेलं हवं. ज्या शहरात दोन वर्षं शिकलो, तिथली हवा, तिथले सण, तिथली रहदारी. खोटं बोलायला मला स्वतःला आवडत नाही, पण अनोळखी माणसानं फोनवर पत्ता विचारला तर आपण खरा कुठे सांगतो?

कामाचं नाव ठरवतानाही तेच. माहेरचं लाडाचं नाव नको, जन्मसाल नको. नावापुढे काही तरी आकडा लावायचा म्हणून लोक सहज ४४५ लावतात. ते यवतमाळच्या पिनकोडाचे पहिले तीन आकडे. २९ही नको, एमएच २९ गावातल्या प्रत्येक मोटरसायकलवर लिहिलेलं आहे. जे टोपणनाव इन्स्टाग्रामवर किंवा गेममध्ये पूर्वी वापरलं, तेही नको. गुगलवर तेवढंच टाकून शोधता येतं.

चेहरा

चेहरा दाखवायचा की नाही, हे पहिल्या दिवसाच्या आधी ठरवावं लागतं. नंतर ठरवून उपयोग नाही, कारण लाइव्ह म्हणजे आत्ता दिसलं आणि संपलं, असं नसतं. समोरचा स्क्रीन रेकॉर्डिंग करू शकतो. शिवाय आपोआप रेकॉर्ड करून दुसऱ्या साइटवर टाकणारे प्रोग्रॅम चालू असतात, त्यासाठी माणूस जागा लागत नाही. आजपासून मास्क लावला तरी कालचं रेकॉर्डिंग कालचंच राहतं.

आणि आता चेहऱ्यावरून शोधता येतं. गुगल लेन्स हे मुख्यतः तसंच दिसणारं चित्र शोधतं. पण पिमआइजसारख्या सेवा चेहऱ्याचीच मापं घेऊन शोधतात. लग्नातला फोटो टाकला तर त्याच बाईचे दुसरे फोटो, केस वेगळे असले तरी, पुढे येऊ शकतात. तिथे आपला चेहरा निकालातून वगळायची विनंती करता येते. मी सांगेन ते उलट्या बाजूनं: कामाचा एकही फोटो फेसबुकवर नको हे सगळ्यांना कळतं, पण फेसबुकवरचा एकही फोटो कामाच्या प्रोफाइलवर नको, हे विसरलं जातं.

चेहरा झाकला म्हणजे झालं, असंही नाही. गोंदण, मनगटावरचा डाग, नथीचा खडा, मंगळसूत्राच्या वाट्यांचा आकार, हे शेजारणीला चेहऱ्याइतकंच पाठ असतं. डागावर मेकअप, गोंदणावर रुंद बांगडी किंवा बाही. घरचा एकही दागिना नाही. कामाचे कपडे वेगळे, आणि ते दांडीवर वाळत घालायचे नाहीत.

घराचा मोबाइल म्हणजे चावडी

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझ्या गाळ्यावर रोज हेच दिसतं. मोबाइल घेतला तेव्हा जीमेल दुकानदारानं काढून दिला. पासवर्ड कुणालाच माहीत नाही, किंवा घरातल्या पहिल्या पोराचं नाव आणि १२३. पुढे दिराचा मोबाइल आला, त्यातही तोच जीमेल टाकला. आता गुगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर या मोबाइलात काढलेला फोटो त्या मोबाइलाच्या गुगल फोटोजमध्येही दिसतो. कुणी काही चोरलं नाही, कुणी पाळत ठेवली नाही. एकच खातं, दोन पडदे. बैलाचे फोटो असले तर सोय, नाही तर संकट.

म्हणून कामाचा मोबाइल वेगळा हवा, जुना चालेल. फॅक्टरी रीसेट करून, स्वतः काढलेल्या नव्या जीमेलवर. त्या जीमेलला घरचा नंबर किंवा घरचा ईमेल रिकव्हरी म्हणून द्यायचा नाही. कॉन्टॅक्ट सिंक बंद, फोटोचा बॅकअप बंद, कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद. फोटोच्या फाइलीत काढल्याची वेळ, मोबाइलाचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर हे गळून जातं, पण तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जसंच्या तसं जातं. लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशनचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करा, आणि सहा आकडी पिन ठेवा. बोटाचा ठसा सोयीचा आहे, पण झोपलेल्या माणसाचंही बोट लागतं.

मोबाइल बिघडला तर? दुरुस्तीच्या दुकानात पावतीवर नऊ ठिपके छापलेले असतात आणि आपण त्यावर आपला पॅटर्न काढून देतो. मोबाइल रात्रभर तिथे. मी कुणा दुकानदारावर आळ घेत नाही, पण कामाचा मोबाइल आपल्या तालुक्यात दुरुस्तीला देऊच नये. काही सॅमसंग आणि पिक्सेल मोबाइलांत दुरुस्तीसाठी वेगळा मोड असतो, तो लावला की कारागिराला मोबाइल चालवता येतो, आतले फोटो दिसत नाहीत. आणि खराब मोबाइलवर घमेलं देणारे फेरीवाले येतात, त्यांना तर बिलकुल नाही. पडदा फुटलेला मोबाइल मेलेला नसतो.

सिमकार्डाचं कोडं वेगळं. घरचा नंबर कामाला दिला की ट्रूकॉलर नाव सांगतं. ते नाव येतं कुठून? ज्यांच्या मोबाइलात ते ॲप आहे त्यांच्या कॉन्टॅक्टमधून. तुम्ही स्वतः ॲप घेतलं नसेल, पण कुणी तरी तुमचा नंबर "पिंटूची वहिनी" म्हणून, पुढे गावाचं नाव लावून, सेव्ह केला असेल तर तेच जगाला दिसू शकतं. बरं, नवं सिम घ्यावं तर तेही आपल्याच आधारवर मिळतं, आणि सिमच्या नोंदीतलं नाव समोरच्याच्या फोनवर दाखवायची सोय आता दूरसंचार कंपन्या आणू लागल्या आहेत. तेव्हा प्रेक्षकाला कोणताही नंबर द्यायचा नाही, एवढंच खरं. नवा नंबर फक्त ओटीपीसाठी. आणि त्यात रिचार्ज ठेवा. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते, मग तुमचे ओटीपीही त्याच्याकडे.

पांदण

आता व्हीपीएन. बहुतेक कॅम साइटवर जिओब्लॉक नावाची सोय असते. अमुक देशातल्या, कधी अमुक राज्यातल्या प्रेक्षकाला मी दिसू नये, असं ठरवता येतं. भारत पूर्ण बंद करा, हे पहिलं. नुसतं महाराष्ट्र बंद करून भागत नाही, आणि त्याचं कारण मजेदार आहे. साइट प्रेक्षकाची जागा त्याच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळालेल्या आकड्यावरून, ओळखते, आणि मोबाइल इंटरनेटमध्ये हजारो ग्राहक कंपनीच्या मोजक्या पत्त्यांमागे असतात. त्यामुळे दारव्ह्यात बसलेला माणूस साइटला कधी नागपुरात दिसतो, कधी मुंबईत, कधी भलत्याच राज्यात.

पण जिओब्लॉक म्हणजे गावाच्या मुख्य रस्त्यावरचं फाटक. बाजूनं पांदण असतेच. ज्या प्रेक्षकाकडे व्हीपीएन आहे तो नेदरलँड्सचा म्हणून आत येतो. शिवाय दुसऱ्या साइटवर गेलेल्या चोरीच्या रेकॉर्डिंगला तुमचं फाटक लागूच नाही. सहज फिरकणारे गाववाले जिओब्लॉकमुळे बरेचसे अडतात, आणि तेवढ्यासाठी तो हवाच. शोधत येणारा अडत नाही.

तुमच्या स्वतःच्या मोबाइलात व्हीपीएन असण्याचा उपयोग त्याहून मर्यादित. साइटवरचा व्हिडिओ साइटच्या सर्व्हरमधून जातो, प्रेक्षकाला तुमचा आयपी पत्ता सहसा दिसत नाही. धोका येतो तो प्रेक्षक म्हणतो, "इथे नको, टेलिग्रामवर कॉल कर," तेव्हा. असे कॉल दोन मोबाइलांत थेट जोडले जाऊ शकतात. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत कॉलमध्ये आयपी पत्ता लपवायची सेटिंग आहे, टेलिग्राममध्ये पीअर-टू-पीअर, म्हणजे अशी थेट जोडणी, बंद करता येतं. त्याहून बरं, साइटच्या बाहेर जायचंच नाही. अनोळखी लिंकही उघडायची नाही, काही लिंका फक्त पत्ता टिपायलाच बनवलेल्या असतात.

व्हीपीएन घ्यायचं तर पैसे देऊन घ्या. फुकटातल्या कंपन्यांचा खर्च कुठून निघतो, याचा विचार करा.

पैसा बोलतो

टीप म्हणून कुणी यूपीआय मागितला की अनेकांना वाटतं, बरंच झालं, साइटचं कमिशन वाचलं. पण पैसे पाठवण्याआधी समोरच्याला तुमचं नाव दिसतं. आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या २०२५च्या नियमापासून ते बँकेच्या नोंदीतलंच नाव असतं, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, आडनावासह. यूपीआय आयडीत बऱ्याचदा मोबाइल नंबरही असतो. म्हणजे पन्नास रुपयांच्या टिपेत त्यानं सगळं विकत घेतलं. भेटवस्तू पाठवतो, पत्ता दे, हेही तसंच. कुरिअरवाला फोन करून "घर कुठी आहे?" म्हणून अर्ध्या गावाला विचारतो.

साइटला मात्र खरं ओळखपत्र द्यावं लागतं. अमेरिकेच्या कायद्यात अशा कामात दिसणारी व्यक्ती १८ वर्षांपुढची असल्याची खात्री करून नोंद ठेवणं बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. ओळखपत्र फक्त साइटच्या स्वतःच्या पानावर अपलोड करा. टेलिग्रामवर "मॅडम, मी अकाउंट काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला आधार पाठवू नका, पासवर्ड तर नाहीच. साइटही अभेद्य नसते. २०२०च्या जानेवारीत एका कॅम कंपनीची चार हजारांहून जास्त कलाकारांची कागदपत्रं इंटरनेटवर उघडी पडलेली सापडली होती, त्यात पासपोर्टच्या प्रतीही होत्या. म्हणून चार साइटवर चार खाती काढण्यापेक्षा एक-दोनच बऱ्या.

मग बँक. परदेशातून पैसे आले की बँक कशाचे म्हणून विचारते आणि नोंद होते. ही नोंद पासबुकात छापून येते. पासबुक भरायला कोण जातं? ज्याला बँकेत काम आहे तो घरातल्या सगळ्यांची घेऊन जातो. शिपाई गावचाच, रांगेतले चौघे ओळखीचे. कामाचं खातं दुसऱ्या तालुक्यातल्या किंवा जिल्ह्याच्या शाखेत काढा, स्टेटमेंट ईमेलवर घ्या, बँकेचे मेसेज कामाच्या नंबरवर वळवा. पॅन तेच राहतं आणि उत्पन्न विवरणात दाखवायचंच. आयकर विभागाला माहीत असणं वेगळं, पारावर माहीत असणं वेगळं.

कायदा, सरळ सांगायचं तर

गोडगोड सांगण्यात अर्थ नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७अ लैंगिक कृती उघड दाखवणारा मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसारित करण्याला गुन्हा मानतं. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. साइट परदेशी आहे, मी सज्ञान आहे, स्वखुशीनं करते, असा अपवाद त्यात लिहिलेला नाही. ब्लॅकमेल करणाऱ्याला हे ठाऊक असतं आणि तो त्याच्यावरच पोट भरतो: "पोलिसात गेलीस तर तूच अडकशील."

पण कायदा तेवढाच नाही. खंडणी मागणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा, धमकी देणं ३५१ खाली. कलम ७७ तर मुद्दाम वाचण्यासारखं आहे. बाईनं चित्रीकरणाला संमती दिली असली, पण ते इतरांना दाखवायला दिली नसली, तरी ते पसरवणं गुन्हाच, असं त्याच्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. हे कलम स्त्रियांसाठी आहे. पुरुष आणि तृतीयपंथी कलाकारांना माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई लागू पडतं, त्यात स्त्री-पुरुष भेद नाही. आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ला एकमतानं सांगितलंय. ठाण्यातल्या जमादाराला ते पाठ असेल असं नाही.

त्यामुळे माझा सल्ला: धमकी आली तर ठाण्याच्या आधी वकील. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलेला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. स्थानिक वकील ओळखीतला निघायची भीती असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातला बघा. तक्रार राष्ट्रीय सायबर पोर्टलवर ऑनलाइन करता येते, महिलांच्या अश्लील चित्रांबाबतच्या तक्रारीत नाव न देण्याचीही सोय आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३०.

त्याला पैसे देऊ नका. एकदा दिले की दर ठरतो. घाबरून चॅटही उडवू नका, तोच पुरावा. त्याच्या प्रोफाइलचं नाव, लिंक, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. त्यानं पैशासाठी यूपीआय आयडी दिला असेल तर तो टाकून पाहा, पैसे न पाठवता. ज्या नियमानं तुमचं नाव उघडं पडतं, त्याच नियमानं त्या खात्याचं नावही पडद्यावर येतं. बहुतेकदा खातं भाड्याचं असतं, पण पोलिसांना धागा मिळतो.

व्हिडिओ फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी आला तर तिथल्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. नग्नता किंवा लैंगिक कृती दाखवणाऱ्या अशा मजकुरासाठी २०२१च्या नियमांनी मुळात २४ तासांची मुदत घातली. खासगी फोटो पसरायच्या आधीच अडवायचा तर स्टॉप एनसीआयआय ही ब्रिटनमधून चालणारी मोफत सेवा आहे. फोटो तुमच्या मोबाइलातच राहतो, त्याच्यावरून काढलेला ठशासारखा लांबलचक आकडा तेवढा जातो, आणि सहभागी कंपन्या त्या आकड्याशी जुळणारा फोटो अडवतात. शोचं चोरीचं रेकॉर्डिंग असेल तर कॉपीराइटचा रस्ता जास्त सरळ. पण त्यात एक खड्डा आहे. अमेरिकी कायद्याच्या नोटिशीत तक्रारदाराचं नाव आणि संपर्क लागतो, आणि ती नोटीस चोरापर्यंत जाऊ शकते. म्हणून ती स्वतःच्या नावानं न पाठवता साइटकडून किंवा एजन्सीमार्फत पाठवा.

त्या बाई दिवाळीनंतर परत आल्या होत्या, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. व्हीपीएन अजून घेतलेलं नाही, म्हणाल्या. जीमेल नवा, मोबाइल वेगळा, खातं जिल्ह्याला. आणि कॅलेंडर स्वयंपाकघरात गेलं, त्यावरून घरात रोज कटकट.

"सासू म्हणते, एकादशी पाहाले आता मले धुराच्या खोलीत जा लागते. कायले हलवलं, कायले हलवलं…"